कानबाईच्या तोंडून

"भागीरथी वं, व्हयनं का? बँडवाला कव्हयना उभा शे," मोठ्या जावेनं, कलाबाईनं, दारातूनच हाक दिली.

भागीरथी चौरंगापुढे ओणवी झाली होती. कानबाईची नथ तेवढी सारखी करायची राहिली होती आणि डावा हात काही केल्या वर येत नव्हता. तिनं एकट्या उजव्या हातानं नथ बसवली, पदरानं घाम टिपला आणि म्हणाली, "हां बाई, व्हयनं."

"तोंड कसाले उतरेल शे तुन्हं?"

"रातभर जागरण व्हतं ना."

कलाबाईला ते पटलं. न पटायला काय झालं होतं? रविवारची सारी रात्र बायांनी गाणी म्हटली होती, फुगड्या घातल्या होत्या, आणि भागीरथीनं मधल्या वेळात चाळीस माणसांचा चहा तीनदा केला होता. कुणाचंही तोंड उतरलं असतं.

श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. खानदेशी माणसाची एखादी दिवाळी चुकली तर तो मनाला लावून घेत नाही, पण कानबाई चुकली तर त्याला वर्षभर चैन पडत नाही. या माणसांची पूर्वी त्यासाठी पारोळ्याकडे गावी जायची धावपळ असे. मग चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली सगळं सुरत मिळेल त्या गाडीनं पळालं, तेव्हा पांडेसऱ्यातल्या या गल्लीतल्या अकरा भाऊबंदांनी नवस बोलला की सगळे धडधाकट परत आलो तर माय, तुला इथंच बसवू. सगळे धडधाकट परत आले. त्यामुळे आता डाईंगच्या कारखान्यांच्या धुरात, पत्र्याच्या खोल्यांतून कानबाई पाळीपाळीनं बसते. यंदाची पाळी भागीरथीच्या घरची होती, आणि ज्या घरी देवी बसते त्या घरच्या बाईनंच तिला डोक्यावर घेऊन उंबरा ओलांडायचा असतो.

खरं म्हणजे दुखणं पहाटे साडेपाचला सुरू झालं होतं. आरतीसाठी तूप पातळ करायला भागीरथी चुलीपुढे बसली आणि छातीवर कुणीतरी पाटा आणून ठेवल्यासारखं जड झालं. दुखणं तिथून डाव्या खांद्यात गेलं, खांद्यातून कोपरात उतरलं, थोडं जबड्यालाही लागलं. भागीरथीनं ओवा चावला. मग चिमूटभर सोडा पाण्यात टाकून प्यायली. काल पुरणपोळी आणि गंगाफळाची भाजी, वर जागरण, म्हणजे पित्त होणारच, असा तिनं स्वतःशी निकाल लावून टाकला. ढेकर आली नाही तेव्हा तिनं ठरवलं की येईल थोड्या वेळानं.

योगिता, तिची सोळा वर्षांची मुलगी, पाणी भरून आत आली तेव्हा आईकडे पाहून थबकली.

"माय, तुले कितला घाम उना. बाबाले सांगू?"

"कोनले काही सांगू नको. चूलनी झय लागनी."

"पन माय..."

"आज घरमा कानबाई बठेल शे, योगिता. आज नको."

हे 'आज नको' भागीरथीच्या तोंडात बावीस वर्षं होतं. त्याला कारण एक बैलगाडी होती.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी, ऐन गव्हाच्या कापणीत, भागीरथीच्या पोटात कळ आली होती. ती शेतात गडबडा लोळली. सासऱ्यानं हातातलं काम टाकून गाडी जुंपली आणि तीन कोस पारोळ्याला नेलं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, पांढरी पूड दिली आणि सांगितलं की पोटात नुसता वारा धरला होता. परत येताना तिला अगदी बरं वाटत होतं, आणि तेच तिचं चुकलं. निदान दोन दिवस कण्हायला हवं होतं. ती गाडीतून उडी मारून उतरलेली सासूनं पाहिली, आणि कापणीचा एक दिवस सुनेच्या वाऱ्यापायी गेला हे सासूनं गावभर केलं. तेव्हापासून घरात कुणी साध्या गोष्टीचा बाऊ केला की म्हणायचे, "भागीरथीनी गाडी जुपा." पोर पडून रडलं तरी तेच, लग्नात व्याही रुसला तरी तेच. सासू गेली, शेत गेलं, माणसं सुरतेला आली, तरी म्हण पाठोपाठ आली. म्हणणाऱ्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. नवरा सुकलालही हसायचा. भागीरथीही हसायची.

पण त्या दिवसानंतर 'मला दुखतंय' हे दोन शब्द तिनं कधी तोंडातून काढले नाहीत. दाढ दुखली तर लवंग, ताप आला तर गोधडी, कंबर धरली तर भिंतीला पाठ. योगिताच्या वेळी कळा सुरू झाल्या तरी तिनं सगळ्यांच्या भाकरी थापून घेतल्या, मग जावेला बोलावलं. दुखणं अंगावर काढण्याची माणसाला अशी काही सवय होते की शेवटी दुखणं आणि अंग यातला फरकच त्याला कळेनासा होतो. आजही छातीवरचा पाटा हलत नव्हता, आणि भागीरथीच्या मनात पहिली आली ती गाडी. चाळीस माणसं खोळंबली, बँड परत गेला, आणि डॉक्टर म्हणाला वारा धरलाय. मग पुढची बावीस वर्षं कोण ऐकून घेणार? शिवाय तिथं कुणी परका बाप्या छातीला नळी लावणार, तेही होतंच. त्यापेक्षा छाती दुखलेली बरी, असं तिला मनापासून वाटलं.

सुकलालनं आणि दिरांनी देवीचा पाट उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं उंबरा ओलांडला, बँड सुरू झाला, आणि गल्ली नाचू लागली.

कोपऱ्यापर्यंत ती आली कशी हे तिचं तिला माहीत. कानांत दडे बसले होते. बँड कुठून तरी लांबून, भिंतीपलीकडून वाजावा तसा ऐकू येत होता. डाईंगच्या गेटपाशी रात्रपाळीचे कामगार सुटले होते, ते वाट देऊन हात जोडून उभे राहिले. तिथं भागीरथीचे गुडघे थरथरू लागले. डोक्यावरचा पाट डुलू लागला. तिच्या तोंडून 'हं... हं...' असा श्वास निघू लागला, घामाच्या धारा लागल्या, आणि कपाळावरचं कुंकू विरघळून नाकावरून खाली उतरलं.

चार पावलं पुढे असलेल्या कलाबाईनं मागे वळून पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. तिनं बँडवाल्याला हात केला.

"उनी वं," ती हळूच म्हणाली. बँड थांबल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. "कानबाई उनी. भागीरथीना अंगमा उनी."

आता हे कलाबाईनं म्हणावं याला मोठा अर्थ होता. कारण कानबाई अंगात येणं ही आजवर कलाबाईची गोष्ट होती. दरवर्षी मिरवणुकीत देवी तिच्याच अंगात यायची, तिलाच प्रश्न विचारले जायचे, आणि वर्षभर तिच्या शब्दाला गल्लीत वजन असायचं. जावाजावांत देवसुद्धा वाटून घेतलेला असतो. भागीरथीच्या वाट्याला चहा आला होता. एकदाच, भांडी घासताना, भागीरथीनं तिला भीतभीत विचारलं होतं की बाई, ती अंगात येते तेव्हा होतं तरी काय? कलाबाईनं बराच विचार करून सांगितलं होतं, "छातीवर कोनीतरी येईसन बठस. हात जड व्हई जातस. कान गच्च. घाम फुटस. मंग आपलं काही चालस नही."

ते आत्ता भागीरथीला शब्द न् शब्द आठवलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. छातीवर कुणीतरी बसलं होतं. हात जड होता. कान गच्च होते. आपलं काही चालत नव्हतं. मग हे पित्त नव्हतंच की काय? ज्या देवीचं ती तीन वर्षं पीठ दळत होती, भांडी घासत होती, ती आज आपण होऊन तिच्याकडे आली होती? भागीरथीला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते नवल. एवढ्या माणसांतून तिला माझं घर कसं सापडलं, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरले. रडणारे डोळे पाहून बायांनी आणखीच हात जोडले.

कलाबाईनं तिच्या डोक्यावरचा पाट अलगद स्वतःच्या डोक्यावर घेतला. पानवाल्यानं खुर्ची पुढे सरकवली. भागीरथीला बसवलं.

"पानी," ती कशीबशी म्हणाली.

"मायनं पानी मांगं," एकीनं पुकारा केला.

घरातून निघताना भागीरथीनं पाणी मागितलं असतं तर 'मंग आधी काय करत व्हती?' असं कुणीतरी म्हटलं असतं. कानबाईनं मागितलं तर तीन तांबे आले. तिला वारा हवा होता, तर चौघी पदरांनी वारा घालू लागल्या. तिला पाय लांब करायचे होते, तर सत्तरीच्या लोटूबाबानं वाकून तिचे पाय हातात घेतले आणि आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसले. तिला लाज वाटली, पाय मागे ओढावेसे वाटले, पण तेवढी ताकद उरली नव्हती. आयुष्यात जे जे तिला कधी मागावंसं वाटलं आणि तिनं मागितलं नाही, ते आज न मागता पुढ्यात येत होतं. तिला फक्त एकच सांगायचं होतं, आणि तेच नेमकं सांगता येत नव्हतं.

का नाही सांगितलं, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. किनाऱ्यावर बसून पोहणं सोपं असतं. समोर चाळीस माणसं डोळे मिटून उभी आहेत, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि आपण म्हणायचं की बाबांनो, उठा, ही देवी नाही, ही भागीरथी आहे आणि हिची छाती दुखते. तेही ती देवी नाहीच हे स्वतःला पक्कं ठाऊक नसताना. असं म्हणायला छाती लागते, आणि भागीरथीची छाती त्या घडीला दुसऱ्याच कामात गुंतली होती.

एरवी साड्यांची गाठोडी वाहणाऱ्या टेम्पोत गोधड्या टाकून तिला बसवलं. शेजारी पाट मांडीवर घेऊन कलाबाई. दोन टेम्पो तापीकडे निघाले. खड्ड्याखड्ड्याला भागीरथीच्या डोळ्यांपुढे पिवळं होत होतं. योगिता गर्दीतून सरकत तिच्या कानाशी आली.

"माय, तूच शे ना?"

भागीरथीनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"मायले हात नको लाऊ, पोरी," कलाबाई म्हणाली. "सरक मांगे." योगिता मागे सरकली, पण तिनं आईवरची नजर काढली नाही.

ओवाऱ्यावर, म्हणजे तापीच्या घाटावर, पोहोचायला पावणेअकरा झाले. श्रावणातली तापी गढूळ आणि भरून चाललेली. बायांनी काठाच्या वाळूवर पूजा मांडली. भागीरथीला एका पायरीवर पाठ टेकून बसवलं आणि माणसं एकेक करून समोर येऊ लागली. आधी जेठ, छगन. ज्या जेठापुढे बावीस वर्षांत तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तो तिच्या पायांवर डोकं ठेवून विचारत होता, "माय, मिलमा मानसं कमी करी राहिनात. मन्हं काम राही का?" भागीरथीला बोलता आलं नाही. तिनं नुसतं पाहिलं. छगनला त्यात जे हवं होतं ते मिळालं असावं, कारण तो समाधानानं उठला. मग भाऊबंदांतल्या भगवानची सून आली, तिला मूल हवं होतं. मग आणखी कुणी. भागीरथीला आता चेहरे दिसत नव्हते, नुसती डोकी दिसत होती, वाकलेली. एवढी माणसं आतून इतकी घाबरलेली असतात हे तिला कधी कळलं नव्हतं. तिला त्या सगळ्यांची माया आली आणि त्याच वेळी तिला वाटलं की आपण आता मरणार.

शेवटी सुकलाल आला.

सुकलाल रंगाच्या मशीनवर होता. कुठल्या साडीला कुठला रंग चालला आहे ते त्याच्या नखांवरून कळायचं. आज नखं हिरवी होती. घरी तो फार बोलत नसे. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवायचा, आणि जास्त झालं तरीही. भागीरथीला तो कधी टाकून बोलला नाही, आणि तसं पाहिलं तर कधी कशाबद्दल बोललाही नाही. तो पायरीखाली गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि पायरीला डोकं टेकवलं. मागच्यांना वाटलं आता उठणार. मग तो खाली मान घालून बोलू लागला.

"माय, मी तुन्हाजोडे कधी काही मांगं नही. आज मांगस. मन्ही घरवाली, भागीरथी. तिले संभाळ." त्यानं हिरव्या नखांचे हात आणखी घट्ट जोडले. "ती बोलस नही, माय. दुखनं खुपनं काही सांगस नही. तिन्ही ती गाडी... मी बी हासू. सगळास संगे हासू. रातले ती भीतकडे तोंड करीसन जागी ऱ्हास, माले मालूम शे. मी कधी इचारं नही. तू तिन्हा अंगमा शे, तुले समजस. माले सांग तिले काय व्हस."

भागीरथी ते सगळं ऐकत होती. बावीस वर्षांत तिच्या नवऱ्यानं तिच्याबद्दल एवढं बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि तो बोलत होता दुसऱ्याच कुणाशी. त्याला माहीत होतं. इतकी वर्षं त्याला माहीत होतं. तिला त्याचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या पोटात इतकं काही मऊ होतं की तिला ते सोसवेना. म्हणावं, योगिताच्या बापा, मी इथंच आहे. पण 'मी' हा शब्द तिच्या घशातून वर येईना. तो कधी आलाच नव्हता. छातीवरचा पाटा आणखी रेटला गेला. तिनं तोंड उघडलं.

"तुन्ही भागीरथीनी छाती दुखी राहिनी."

आवाज जाड होता, खोल होता. तो आपल्याच तोंडून निघाला हे भागीरथीला क्षणभर कळलं नाही. सुकलालनं मान वर केली.

"सकायपाईन दुखी राहिनी," तो आवाज म्हणाला. "तिले दवाखानामा लई जा. आते लई जा. घर नको नेऊ."

मग कलाबाई पाट मांडीवर घेऊन बसल्या जागेवरून घाबरत म्हणाली, "माय, आजून तुन्ही पूजा बाकी शे. तुले पान्यामा..."

"मी मन्ही जासू. तुम्ही तिले लई जा."

तिला कुणी तपासलं नाही, कुणी वाद घातला नाही. कुणाच्या तोंडातून गाडी निघाली नाही. देवीचा हुकूम होता. सुकलाल उठला तो अनवाणी रस्त्याकडे धावला, छगन त्याच्या मागे. दोन मिनिटांत रिक्षा पायऱ्यांपाशी आली. चौघांनी भागीरथीला उचललं. ज्यांनी वर्षानुवर्षं तिच्या हातचा चहा उभ्यानं पिऊन कप जमिनीवर ठेवला होता, त्यांनी तिला असं उचललं की तिचा पदरसुद्धा कुठं अडकला नाही. योगिता रिक्षात चढली आणि तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं. मागे तापीच्या काठावर बायांनी पुन्हा गाणं सुरू केलं.

"सिव्हिल, जल्दी," सुकलाल रिक्षावाल्याला म्हणाला.

"शुं थयुं?" रिक्षावाल्यानं विचारलं.

योगितानं सांगितलं, "छातीमां दुखे छे."

भागीरथीनं ते ऐकलं. किती साधं होतं ते, कुणीतरी नुसतं म्हणून टाकायचं.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि पट्टी पाहता पाहताच आवाज दिला. दोन नर्स धावत आल्या. "कब से दर्द है?" त्यानं विचारलं.

"सुबह साढ़े पाँच से," योगिता म्हणाली.

डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा होत आले होते. "छह घंटे. इतनी देर क्या कर रहे थे?" त्यानं सुई भरत विचारलं, "यहाँ लाने को किसने बोला?"

"माताजीने," सुकलाल म्हणाला.

डॉक्टरनं मान वर केली नाही. अशी उत्तरं त्याला नवी नसावीत. पुढे संध्याकाळी मात्र त्यानं सुकलालला बाजूला घेऊन नीट सांगितलं की रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध दिलं आहे, ते लागू पडतंय, बाई वाचेल. पण हे औषध पहिल्या तासात जितकं काम करतं तितकं सहाव्या तासात करत नाही. हृदयाचा एक भाग गेला, तो काही परत येत नाही. पहाटे आणलं असतं तर बहुतेक वाचला असता. आता जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत. सुकलालनं सगळं ऐकून घेतलं. बाहेर व्हरांड्यात येऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कलाबाई भेटायला आली. पलंगाशी आल्याबरोबर ती वाकली, तेव्हा भागीरथीनं तिचा हात धरला.

"नको बाई. पाया नको पडू. मन्हा अंगमा कोनी उनं नव्हतं," भागीरथी हळू आवाजात म्हणाली. "दुखनं व्हतं ते. डाक्टरनं कागद वर काढीसन दाखाडं." एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. गेले तीन दिवस तिच्या मनावर त्याचं ओझं होतं. चाळीस माणसं फुकट पाया पडली होती.

कलाबाई पलंगाच्या कडेवर बसली. तिनं चादरीची घडी बोटानं सारखी केली.

"मंग ओवारावर बोलनं ते कोन?" तिनं विचारलं.

हाच प्रश्न भागीरथीलाही पडला होता. तिनं त्याचा पुष्कळ विचार केला होता. तो आवाज तिच्या घशातून आला होता एवढं खरं, पण तशी बोलण्याची हिंमत तिच्या घरची नव्हती.

"लखनना बाप दारू पिईसन मारे ना माले," कलाबाई म्हणाली. ती छगनबद्दल, स्वतःच्या नवऱ्याबद्दल, बोलत होती, आणि त्याची ही गोष्ट गल्लीत कुणी उघड बोलत नसे. "पहिल्या वरीसले कानबाई उनी तव्हय तिनी त्याले सांगं, दारू सोड. त्यानी सोडी. मी दहा वरीस सांगी राहिंतू." ती थोडी हसली. "बाईले तोंड नही ऱ्हास तव्हय कानबाई आपलं देस, भागीरथी. तू कसाले इतला इचार करस."

भागीरथी तिच्याकडे पाहत राहिली. तीन वर्षं जिचा हेवा केला, जिच्या अंगात देव येतो म्हणून जिच्याशी दबून वागली, तिच्या मनगटावरचा जुना व्रण तिनं पहिल्यांदा नीट पाहिला. देवी खरी की खोटी हा प्रश्न तिला एकदम फार लहान वाटला. आपल्या सगळ्या बायांच्या पाठीशी कुणीतरी इतकी वर्षं उभं आहे, एवढंच तिला कळलं. कलाबाईनं आणलेल्या पिशवीतून कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचा, जाड पोळीचा, तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नसतो, म्हणून तो कागदात झाकून आणला होता.

चार वाजता डॉक्टर फेरीला आला. सुकलाल कामावरून सुट्टी टाकून पलंगाशीच होता, तो लगबगीनं उभा राहिला.

"केम छे बेन? हवे दुखे छे?" डॉक्टरनं विचारलं.

"ना साहेब, सारुं छे," सुकलालनं सवयीनं सांगून टाकलं. भागीरथीनंही सवयीनं मान हलवायला घेतली होती. मग ती थांबली.

"दुखस," ती म्हणाली.

आवाज बारीक होता, थोडा बसलेला. तिचाच होता. कुणी हात जोडले नाहीत. डॉक्टरनं मात्र पुढच्या पलंगाकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं, नळी कानाला लावली, नाडी पाहिली, आणि नर्सला एक गोळी लिहून दिली. थोडं दुखेल, घाबरण्यासारखं नाही, पण असंच सांगत जा, असं म्हणून तो पुढे गेला.

सुकलाल तिथंच उभा होता. त्यानं स्टूल ओढून पलंगाजवळ घेतलं आणि बसला. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं ते मांडीवर ठेवले.

"आजून कथं दुखस?" त्यानं विचारलं.

भागीरथीनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच वाट पाहत होता. तिनं आधी खांदा सांगितला. मग कंबर, जी योगिताच्या वेळेपासून धरलेली होती. मग उजवी दाढ. मग गुडघा, पाणी भरताना पडली होती तेव्हाचा, ते त्याला माहीतच नव्हतं. चहाची वेळ झाली, बाहेर चहावाला कपबशा वाजवत येऊन गेला. सुकलाल उठला नाही. भागीरथी थांबली की तो नुसती मान हलवायचा, आणि ती पुढचं सांगायची.